खान्देशात झाडं लावताय? या चुका टाळा

जून उजाडला की गावोगावी झाडं लावण्याचे बेत होतात आणि पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्यांत वाळलेल्या काड्या उरतात. पाणी कमी पडलं म्हणून आपण हळहळतो. खरी चूक बहुतेकदा जागा ओळखण्यात झालेली असते.

माळरानाला पडीक समजणं ही सगळ्यात मोठी चूक. गवताळ माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. वीतभर मातीखाली मुरूम, चार महिने पाऊस, आठ महिने कोरड. अशा बरडावर गवतच तग धरतं. कुसळी गवताचं एक वाळलेलं कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडतो, शेपटी गोल फिरू लागते. पहिल्या पावसात बी असंच गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. मला तर हे दर वेळी नवल वाटतं! काळवीट, लांडगा, खोकड याच गवताच्या आधारानं जगतात, ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्याही. तिथे गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ दाटीनं लावली, तर सावलीखाली गवत मरतं आणि चाराही जातो.

मग झाडं लावायचीच नाहीत का? आधी जुने बुडखे शोधा. साग, पळस यांचे बुडखे जिवंत असतील तर खड्डे खणूच नका. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळा, फुटवे आपोआप येतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैत्राम पवारांसोबत असंच जंगल राखलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरी चूक होते सातपुड्यात. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत डोंगर उघडाबोडका दिसतो, म्हणून जंगल मेलं असं वाटतं. ही पानगळ पाणी वाचवण्यासाठी असते. मोह वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवू नका, कोवळी रोपं त्यातच जळतात. झाडाखाली खराट्यानं झाडून घेतलं तरी पुरतं. नामशेष मानलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो असल्याच विरळ, शुष्क पानगळीच्या रानात. दिवसाही बाहेर पडणारा हा पिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, म्हणून पोकळ झाड निरुपयोगी ठरवून तोडू नका.

आणि पारा ४५ अंशांवर गेला म्हणून खान्देशाला वाळवंट म्हणू नका. वाळवंटात वर्षाला साधारण २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, इथे त्याच्या दुपटीहून जास्त. रावेर-यावलची केळी मात्र त्या पावसावर नाही, विहिरी-बोअरच्या पाण्यावर उभी आहे. केळी बघून बरडावरही तसंच हिरवं करू म्हणाल, तर आधी तुमच्या विहिरीची मे महिन्यातली पातळी मोजा.