पार्किन्सनच्या भरती-ओहोटीची वही

बाबा चाळीस वर्षं तांडेल होते. आजही सकाळी ओटीवर बसले की कालनिर्णय न बघता सांगतात, "झिला, आज एकादशी. सव्वाआठाक भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. दर्याचं गणित तोंडपाठ, पण स्वतःच्या पायांचं लागत नाही. साडेअकरापर्यंत माडांना पाणी लावणारा माणूस पावणेबाराला न्हाणीच्या दारात खांबासारखा उभा. पुढे नाही, मागे नाही.

पार्किन्सनला, म्हणजे कंपवाताला, सात वर्षं झाली. मी मालवणजवळ होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, डॉक्टर नाही. पण कोणी येऊन "इंजिन मधीच बंद पडता" म्हणालं की मी पहिलं विचारतो, कधी? थंड असताना की तापल्यावर? सुरू केल्यापासून किती वेळाने? गोव्यातल्या बांबोळीच्या डॉक्टरांनी आम्हाला नेमकं हेच विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "असाच, कधी पण." तीन तासांचा प्रवास करून दहा मिनिटं मिळतात, आणि त्यात हे उत्तर. शिवाय गोळीचा अंमल त्याच वेळी नेमका चढलेला, त्यामुळे बाबा तिथे झकास चालून दाखवतात. घरी येताना वाटेत कुडाळला गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली.

तेव्हापासून वही ठेवतो. कशी ते सांगतो.

शंभर पानी साधी वही घ्या. रोज लिहू नका, कंटाळा येऊन आठवड्यात सुटेल. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सलग तीन दिवस लिहा. डाव्या बाजूला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आखा. पुढे तीन रकाने: गोळी, खाणं, अवस्था. अवस्थेसाठी आमच्याकडे तीनच अक्षरं आहेत. 'भ' म्हणजे भरती, अंग मोकळं. 'ओ' म्हणजे ओहोटी, अंग जड, पाय रुतलेले, कंप. 'उ' म्हणजे उधाण, गोळी जास्त चढून मान-खांदे आपोआप नाचतात ते. कंप आणि उधाण घरच्यांना सारखंच वाटतं. फरक असा बघा: आमच्या बाबांचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना येतो, गोळ्या वळल्यासारखा अंगठा फिरतो. उधाण नागमोडी असतं, सगळं अंग वेलीसारखं हलतं. ओळखता येत नसेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि कोपऱ्यात घड्याळ दिसू द्या. हा फरक महत्त्वाचा, कारण ओहोटी असेल तर औषध कमी पडतंय आणि उधाण असेल तर जास्त होतंय. उलटं सांगितलंत तर डोस उलटा बदलला जाईल.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांतसुद्धा रुग्णांना अशीच अर्ध्या तासाची डायरी भरायला देतात, आणि औषधाने ओहोटीचे किती तास वाचले हे त्यावरून मोजतात.

आता ओहोटी येते कशामुळे? मेंदूच्या तळाशी एक काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनवतात. पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात. बाबांची गोळी लेव्होडोपाची, ती मेंदूत जाऊन डोपामिन होते. पण रक्तातली निम्मी लेव्होडोपा साधारण दीड तासात उतरते. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी साठा करून ठेवतात, म्हणून तीन गोळ्यांत दिवस निघतो. पुढे साठवायला पेशीच उरत नाहीत. टाकी लहान होत गेली की डिझेल वरचेवर ओतावं लागतं, तसं. आमच्या वहीत दुपारची गोळी एकची आणि 'ओ' साडेअकरापासून, असं तिन्ही दिवस निघालं. डॉक्टरांनी दिवसाचा एकूण डोस तोच ठेवला, फक्त तीनाचे चार भाग केले. न्हाणीच्या दारातला खांब बराच कमी झाला. हे मनाने करू नका, आणि गोळी एकदम बंद तर कधीच करू नका. ताप येऊन, अंग लाकडासारखं होऊन जिवावर बेतू शकतं.

खाण्याचा रकाना लोक गाळतात. आम्हीही गाळला होता, आणि तिथेच चोर सापडला. लेव्होडोपा ज्या दारातून आतड्यातून रक्तात आणि पुढे मेंदूत शिरते, त्याच दारातून प्रथिनांतली काही द्रव्यंही शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. बाबांना सकाळी रात्रीच्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर भाकरी लागायची आणि गोळी त्याच घासाबरोबर. त्या दिवसांत आठची गोळी चढायला दहा वाजायचे. आता गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. मासे रात्री, कारण रात्री ओहोटी आली तरी माणूस अंथरुणातच असतो. मासे तोडू मात्र नका, या आजारात वजन आपसूकच उतरतं. लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपाला अडवते, दोघींत अंतर किती ठेवायचं ते विचारून घ्या.

पाय रुतले तर ओढू नका. आईने ओढलं आणि दोघं पडली. उंबरठ्याच्या अलीकडे आम्ही चुन्याच्या चार आडव्या रेघा मारल्यात, पाऊलभर अंतराच्या. मोकळ्या जमिनीवर जो पाय उचलत नाही तो रेघ ओलांडायला उचलतो. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बंद पडलेली असते, डोळ्याने बघून पाऊल टाकायची वाट वेगळी आणि ती बरीच शाबूत असते. तालाचंही तसंच. रापणीचं जाळं ओढतानाचा ठेका मी तोंडाने धरतो, बाबा शिव्या घालतात, पण चालतात.

एक गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहा. गेल्या पावसात बाबांना उलट्या झाल्या, रात्री जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं. उलटी थांबली आणि दुसऱ्या दिवशी बाबा ताठ, तोंडातून शब्द फुटेना. ते औषध डोपामिनलाच अडवतं. प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉलही त्याच जातीची. पार्किन्सनच्या रुग्णाला ती चालत नाहीत, हे आधी आपणच सांगायचं.

शेजारचे आबा दर भेटीत खाजकुयली सुचवतात. ते अडाणीपणाने बोलत नाहीत, हे आधी मान्य करतो. आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या त्या वेलाच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते. 1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी ती वेगळी काढून दाखवली होती. कंपवाताला औषध म्हणून तिचा उपयोग तर पुढे 1960 च्या दशकात सुरू झाला. पण एका बीत किती आणि दुसरीत किती, याचा भरवसा नाही, आणि बाबा तेच औषध मोजून घेतातच आहेत. वरून चमचाभर चूर्ण म्हणजे दुहेरी डोस. आमच्याकडे वहीत एका सोमवारी अचानक चार ओळी 'उ' आले, तेव्हा चूर्णाची पुडी उशीखाली सापडली. घेत असाल तर लपवू नका, गोळीच्या रकान्यात लिहा.

आता बातम्या. व्हॉट्सअपवर महिन्याला एक तरी "पार्किन्सनवर रामबाण" येतो. मी तीन प्रश्न लावतो: किती माणसांवर, किती दिवस, आणि काय मोजलं? एप्रिल 2025 मध्ये मूळ पेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या डोपामिनच्या पेशी मेंदूत बसवण्याच्या दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. जपानमधल्या क्योटोच्या चाचणीत 7 रुग्ण, अमेरिका-कॅनडाच्या चाचणीत 12. मुख्य प्रश्न होता, हे धोक्याचं नाही ना? गाठी झाल्या नाहीत, पेशी जगल्या, काहींच्या हालचाली सुधारल्या. मोठी गोष्ट आहे, पण मिळून एकोणीस माणसं. आमच्या वाडीच्या भजनाला याहून जास्त जमतात.

दुसरं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. 2024 मध्ये फ्रान्समध्ये 156 रुग्णांवर लिक्सिसेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाची चाचणी झाली. वर्षभरात औषधवाल्यांचा आजार जवळजवळ जागेवर राहिला, बाकीच्यांचा थोडा वाढला. आम्ही घरात फोटो काढून ठेवला बातमीचा. 2025 च्या सुरुवातीला त्याच जातीच्या एक्झेनाटाइडची ब्रिटनमधली चाचणी आली, 194 रुग्ण, 96 आठवडे. फरक शून्य. मी फोटो पुसला नाही, शेजारी दुसरा लावला.

बाबांचा नंबर लागू शकेल असं एकच मला दिसतं. मेंदूत तार बसवून विजेचे ठोके देण्याचं ऑपरेशन 1987 पासूनचं आहे. आता त्याची सुधारित तऱ्हा आली आहे, तीच तार मेंदूतल्या लहरी वाचते आणि ठोके आपणच कमी-जास्त करते. अमेरिकेत तिला फेब्रुवारी 2025 मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे आम्ही अर्ध्या तासाने 'भ' आणि 'ओ' लिहितो, ते ही तार क्षणाक्षणाला टिपते. ज्यांना गोळीने भरती चांगली येते पण टिकत नाही, त्यांना या ऑपरेशनचा फायदा जास्त होतो, आणि हे दाखवायलाही डॉक्टरांनी वहीच मागितली.

मूळ पेशींच्या नावाने लाखभर रुपये मागणारे शहरात भेटतील. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या नियमांप्रमाणे पार्किन्सनसाठी हा उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की उठायचं. खरी चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक सीटीआरआय या सरकारी यादीत असतो, तो विचारा.

वही शक्य तोवर रुग्णालाच लिहू द्या. बाबांचा सकाळचा 'भ' रकानाभर असतो. अकराच्या सुमारास अक्षर बारीक होत जातं, साडेअकराचा 'ओ' मुंगीएवढा. मी एकदा ते गिरवून मोठं केलं, तर बांबोळीच्या डॉक्टरांनी खोडरबर मागवून माझं गिरवणं पुसायला लावलं.