ईएनटी आणि डोळ्यांच्या वॉर्डला पोस्टिंग लागलीये? मग हे वाचून जा

नर्सिंग करताना ईएनटी (कान-नाक-घसा) किंवा डोळ्यांची पोस्टिंग लागली की बरीच मुलंमुली खूश होतात, हलका वॉर्ड, पेशंट चालते-फिरते, आयसीयूसारखी धावपळ नाही. मी बरीच वर्षं याच वॉर्डात आणि ओपीडीत ड्युटी करतेय आणि नवीन येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. इथले बहुतेक पेशंट खरंच थांबू शकतात, पण ज्याला थांबवून चालणार नाही तोही त्याच बाकावर, तितकाच गप्प बसलेला असतो. त्याला ओळखून आधी आत पाठवायचं काम आपलं आहे, कारण डॉक्टरांच्या आधी त्याला आपण बघतो.

त्यासाठी मी तीन प्रश्न कधीच सोडत नाही. एका बाजूला की दोन्ही? अचानक झालं की हळूहळू? दुखतंय का? आता हे फार साधं वाटेल पण बघा, दोन्ही डोळ्यांनी हळूहळू धूसर व्हायला लागलंय, दुखत नाही, रात्री समोरच्या गाडीच्या लाइटने डोळे दिपतात, हे बहुतेक मोतीबिंदूकडे जातं आणि हा पेशंट आपल्या नंबराने गेला तरी चालतं. एकाच डोळ्याला अचानक पडदा सरकल्यासारखं दिसतंय, आधी वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके तरंगायला लागले आणि दुखत अजिबात नाही, तर रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, सुटत असू शकतो. दुखत नाही म्हणून तो पेशंट स्वतःहून घाई करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागते.

डोळ्यांची सुरुवात नजर तपासण्यापासून. चार्ट ६ मीटरवर, एकेक डोळा वेगळा, लांबचा चष्मा असेल तर तो लावून. दुसरा डोळा झाकताना तळहाताने झाका आणि दाबू नका, दाबला की नंतर त्या डोळ्याने काही वेळ धूसर दिसतं आणि आपलंच रीडिंग चुकतं. बोटांनी झाकू दिलं तर लोक फटीतून वाचतात, मुद्दाम नाही, आपोआप होतं ते. सगळ्यात वरचं मोठं अक्षरही दिसलं नाही तर तिथे थांबायचं नाही, जवळ जाऊन बोटं मोजायला सांगा, तेही नाही जमलं तर हात हलवून बघा, शेवटी टॉर्चचा उजेड कळतोय का ते. आणि पिनहोल वापरा, खरंच वापरा! बारीक भोकातून बघितल्यावर अक्षरं साफ दिसली तर प्रॉब्लेम बहुतेक नंबराचा असतो, नाही दिसली तर कारण दुसरीकडे शोधायचं.

या सगळ्याला एकच मोठा अपवाद. डोळ्यात केमिकल गेलंय म्हणून कोणी आलं तर नाव, नजर, फॉर्म सगळं नंतर, आधी पाणी. सलाईन हाताशी असेल तर सलाईन, नाहीतर नळाचं स्वच्छ पाणी, मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलती ठेवून नाकाकडून बाहेरच्या दिशेने, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. लेन्स असेल तर काढा, पापणी उलटून कण अडकलेत का बघा. चुना, सिमेंट, ड्रेन साफ करायची पावडर हे अल्कली प्रकार ॲसिडपेक्षा जास्त वाईट, कारण ते टिश्यू विरघळवत आत आत जात राहतात. निदान अर्धा तास तरी धुवायचं, डोळ्यातला पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ७ च्या आसपास आला का बघायचा, थोडं थांबून परत बघायचा. मागच्या वर्षी एका नवीन ब्रदरने पेशंटला खुर्चीत बसवायच्याही आधी बेसिनपाशी नेऊन पाणी चालू केलेलं मी पाहिलं आणि मला इतकं बरं वाटलं की सांगू नका.

उलट डोळ्यात काही रुतलं असेल तर ते काढायचं नाही, धुवायचं नाही, दाबून पट्टी नाही. वरून कडक शील्ड ठेवा, डोकं उंच, आणि ऑन कॉल डॉक्टरांना फोन.

लाल डोळा हा रोजचा विषय. डोळे आलेत म्हणून येणाऱ्यांमध्ये सकाळी चिपडाने पापण्या चिकटल्या असतील तर बॅक्टेरियल जास्त शक्य, नुसतं पाणी वाहत असेल तर व्हायरल, दोन्ही डोळ्यांना भयंकर खाज असेल तर ॲलर्जी. प्रत्येक पेशंटनंतर हात धुवा, टॉर्च पुसा, थेंबांच्या बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, कारण डोळ्यांची साथ आपल्या हातांवरूनही पसरते. पण लाल डोळ्यासोबत नजर कमी झाली असेल, उजेड सहन होत नसेल किंवा डोळा आतून ठणकत असेल तर ते नुसते डोळे आलेले नाहीत.

इथे काचबिंदूचा अचानक येणारा प्रकार लक्षात ठेवा. पेशंट म्हणतो डोकं फुटतंय, उलट्या होतायत, आणि सगळ्यांचं लक्ष पोटाकडे जातं. जवळ जाऊन बघा: डोळा लाल, काचेवर वाफ धरल्यासारखी कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग) धुरकट, बाहुली अर्धवट मोठी होऊन तशीच थांबलेली, टॉर्च मारला तरी हलत नाही, आणि विचारलं तर सांगतात की दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती. डोळ्यातलं प्रेशर नॉर्मली १० ते २१ एमएमएचजी असतं, या लोकांचं ४० च्या वर सुद्धा जातं आणि काही तासांत डोळ्याच्या नर्व्हचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अशा डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब चुकूनही नाही. टिमोलॉल (डोळ्यातलं प्रेशर कमी करणारे थेंब) लिहून दिला तर द्यायच्या आधी दमा आहे का विचारा आणि पल्स बघा, थेंब डोळ्यात टाकला तरी औषध रक्तात जातंच. म्हणून थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं हलका दाबून धरायचा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या, आणि मलम नेहमी शेवटी.

आता कान. आधी बाहेरून हात लावा, मग ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायची दिव्याची दुर्बीण. कानाची पाळी हलवल्यावर किंवा कानाच्या भोकासमोरचा तो छोटा उंचवटा दाबल्यावर पेशंट कळवळला तर आजार बहुतेक बाहेरच्या नळीत आहे. ते दुखत नाही पण आत ठणका आहे, ताप आहे, नुकतीच सर्दी झालीय, तर मधल्या कानाकडे लक्ष द्या. लहान मूल रात्रभर कान दुखतो म्हणून रडलं आणि पहाटे कान वाहायला लागून एकदम शांत झोपलं तर आईवडलांना वाटतं बरं झालं, पण पडदा फाटून प्रेशर सुटल्यामुळे दुखणं थांबलेलं असू शकतं, त्यामुळे त्या मुलाला तपासायलाच हवं. आणि कानामागचं हाड दाबून बघायला विसरू नका, तिथे सूज असेल, दुखत असेल, कान पुढे आल्यासारखा दिसत असेल तर लगेच कळवा.

ओटोस्कोपने बघताना मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, ३ वर्षांच्या आतल्या बाळाचा खाली आणि मागे. नळीत बसेल तेवढा मोठा स्पेक्युलम (ओटोस्कोपचं कानात जाणारं टोक) घ्या, दुखरा कान असेल तर चांगला कान आधी. नॉर्मल पडदा मोत्यासारखा करडा दिसतो, उजव्या कानात उजेडाचा त्रिकोण घड्याळातल्या ५ च्या जागी, डाव्यात ७ च्या. माझं ठाम मत आहे की पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात आजारी कानांच्या मागे लागूच नका, एकमेकांचे चांगले कान बघा, भरपूर बघा, नॉर्मल डोळ्यात बसलं की बिघडलेलं आपोआप खटकतं.

ट्यूनिंग फोर्कला, म्हणजे ऐकणं तपासायच्या त्या वाजणाऱ्या चिमट्याला, सगळे घाबरतात, व्हायवाला तर हमखास विचारतात. पाठ करू नका, स्वतःवर करून बघा. एका कानात बोट घालून तोंड मिटून हूं म्हणा, आवाज बंद केलेल्या कानातच जास्त येतो ना? तीच वेबर टेस्ट. मळ किंवा पाणी साठून आवाज आत पोचायचा रस्ता अडला असेल तर कपाळावर ठेवलेल्या ५१२ हर्ट्झच्या फोर्कचा आवाज खराब कानात मोठा येतो, नर्व्ह खराब असेल तर चांगल्या कानात. रिने टेस्टमध्ये फोर्क कानामागच्या हाडावर आणि कानासमोर हवेत धरतात, त्यात नॉर्मल माणसाला हाडापेक्षा हवेतून जास्त वेळ ऐकू येतं, रस्ता अडला की उलटं होतं. एवढं कळलं की बास. आणि हे उपयोगी कुठे पडतं, तर एका कानाने सकाळी उठल्यावर एकदम ऐकू येईनासं झालं म्हणून कोणी येतो, त्याला वाटतं दडे बसलेत, मळ असेल. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर नर्व्हचा बहिरेपणा असू शकतो आणि त्याची ट्रीटमेंट जितकी लवकर सुरू होईल तितकं चांगलं, त्याला पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची नाही.

कान धुताना पाणी अंगाइतकं कोमट, ३७ डिग्रीच्या आसपास, थंड असलं तर पेशंटला घर फिरायला लागतं. पडदा फाटलेला असेल तर धुवायचा नाही. आत वाटाणा, डाळ असं काही असेल तरी पाणी नाही, ते फुगतं. बटण सेल असेल, कानात असो वा नाकात, ती इमर्जन्सी. फ्युरोसेमाइड, जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन ही औषधं कानाला त्रास देऊ शकतात, ती चालू असलेल्या पेशंटला कानात शिट्टी वाजते का, ऐकू कमी येतंय का हे विचारायची सवय लावा, कुठल्याही वॉर्डात असलात तरी.

नाकाचं थोडक्यात सांगते. घोळणा फुटला की लोक मान मागे टाकतात, ती पुढे करायला लावा, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये सोडून बघायचं नाही, तोंडात आलेलं रक्त थुंकायला सांगा. तोवर बीपी घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारा. दाबूनही घशात रक्त उतरतच असेल तर ते नाकाच्या मागच्या भागातून येत असू शकतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड म्हणजे आत काहीतरी घातलंय असं धरून चाला. आणि डोक्याला मार लागल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ वाहत असेल तर नाकातून ट्यूब घालायची नाही, बोळा कोंबायचा नाही, नाक शिंकरू द्यायचं नाही, लगेच सांगायचं.

घसा बघताना पडजीभ मधोमध आहे का ते बघा. ती एका बाजूला ढकलली गेलीय, तोंड नीट उघडत नाही, आवाज तोंडात घास असल्यासारखा येतोय, तर टॉन्सिलच्या बाजूला पू झालेला असू शकतो. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर आतून तपासणी व्हायलाच हवी. आणि पुढे वाकून बसलेलं, लाळ गळणारं, ताप असलेलं, श्वासाला आवाज येणारं मूल दिसलं तर घशात काडी घालायची नाही, आडवं करायचं नाही, रडवायचं नाही. आईच्या मांडीवर तसंच बसू द्या आणि डॉक्टर व ॲनेस्थेशिया दोघांना बोलवा.

टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरची रात्र मात्र नीट समजून घ्या. मूल कुशीवर झोपलंय, बेडशीट स्वच्छ, वरवर सगळं छान. आता त्याच्या गळ्याकडे एक मिनिट टक लावून बघा. झोपेत सारखं सारखं आवंढे गिळतंय का? गिळत असेल तर ते रक्त गिळत असण्याची शक्यता आहे, म्हणून बाहेर काही दिसत नाही. टॉर्चने घशाची मागची बाजू बघा, पल्स मोजा, ती आधीपेक्षा वाढत चालली असेल तर बीपी पडायची वाट बघू नका, मुलांमध्ये ते फार उशिरा पडतं. लाल रंगाचं सरबत, जेली देऊ नका, उलटी झाली तर रक्त की सरबत कळत नाही. घरी पाठवताना सांगा की पांढरा थर दिसेल, तो पू नाही, पण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान परत रक्त येऊ शकतं आणि थोडं जरी आलं तरी यायचं.

शेवटचं नोंदींबद्दल. 'नजर कमी' एवढंच लिहू नका, 'उजवा डोळा चष्म्यासह ६/१८, डावा १ मीटरवर बोटं मोजतो' असं लिहा, म्हणजे पुढच्या शिफ्टला बिघडलं की सुधारलं ते कळेल. आणि ओडी, ओएस (उजवा, डावा डोळा), एडी, एएस (उजवा, डावा कान) ही लघुरूपं वापरूच नका. ओडी म्हणजे उजवा डोळा की दिवसातून एकदा, यावरून घोळ होतो, ए आणि ओ घाईच्या अक्षरात सारखे दिसतात आणि कानाचं औषध डोळ्यात जाऊ शकतं. ऑर्डरमध्ये तसं दिसलं तर डॉक्टरांना विचारून 'उजवा डोळा', 'डावा कान' असं पूर्ण लिहून घ्या, आणि थेंब टाकायच्या आधी बाटलीवरचं लेबल पेशंटसमोर एकदा मोठ्याने वाचा.