पाणी वाचवताना या चुका टाळा: फ्लश, आरओ आणि ‘शिळे’ पाणी

पाहुण्याला अर्धाच ग्लास द्यायचा, दात घासताना नळ बंद ठेवायचा, एवढे बऱ्याच घरांत पाळले जाते. तरीही टाकी संपते, कारण पाणी भलतीकडूनच जात असते.

न मोजता उपाय करणे. रात्री वापर थांबला की वरच्या टाकीत येणारे पाणी बंद करा आणि पातळीवर खूण करा. मीटर टाकीच्या आधी बसवलेला असेल, तर टाकीनंतरची गळती त्यावर लगेच कळत नाही. ११० सेंमी व्यासाच्या गोल टाकीत १ सेंमी पातळी म्हणजे साधारण साडेनऊ लिटर. सकाळी पातळी ३ सेंमी उतरलेली दिसली, तर एका रात्रीत दोन बादल्या गेल्या. दुसऱ्या रात्री फ्लशचे अँगल कॉक (फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून पुन्हा बघा. या वेळी पातळी खुणेवरच राहिली, तर गळती फ्लशमध्येच आहे.

फ्लशची गळती डोळ्यांनी शोधणे. भांड्याच्या कडेने उतरणारी बारीक धार दिसत नाही. फ्लशच्या टाकीतल्या पाण्यात जिलेबीचा केशरी रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर पाणी टाकीतून गळते आहे. आता झाकण काढून पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाला टेकले असेल, तर दोष बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या फ्लोटच्या नळाचा. फ्लोट खाली करून पातळी त्या तोंडाच्या दोन सेंमी खाली आणा. पातळी ठीक असूनही रंग उतरला, तर तळाचा वॉशर गेला. जुना वॉशर दुकानात सोबत न्या, मापे वेगवेगळी असतात. नवा बसवण्याआधी वॉशर टेकतो त्या बैठकीवरचा क्षार व्हिनेगरने काढा. बोअरच्या पाण्यावर हे टाळले, तर नवा वॉशरही गळतो आणि दोष उगाच प्लंबरला लागतो.

दर फ्लशला पाणी कमी जावे म्हणून फ्लशच्या टाकीत वीट ठेवणे. वीट झिजते, तिचा चुरा वॉशरखाली अडकतो आणि गळती सुरू होते. जुन्या १० लिटरच्या टाकीत पाण्याने भरलेली, घट्ट झाकणाची एक लिटरची बाटली फ्लोटला लागणार नाही अशी ठेवा. दोनदा फ्लश करावे लागत असेल, तर ती काढून टाका.

आरओची सांडपाण्याची नळी चिमटणे. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर सोडतो. नळी दाबली की हे पाणी कमी होते खरे, पण क्षार मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर) साचून ते लवकर निकामी होते. नळी बादलीत सोडा. लादी आणि संडासाला हे पाणी चालते. कुंड्यांना मात्र रोज घालू नका. आत ६०० टीडीएसचे (टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) पाणी येत असेल, तर बाहेर ७८०च्या आसपास जाते आणि मातीत क्षार साचतात. नळाचाच टीडीएस ५०० च्या आत असेल आणि दुसरा रासायनिक दोष नसेल, तर आरओ कशाला? जंतू मारणारा यूव्ही प्युरिफायर पुरतो.

सगळ्या नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी तोंडाची जाळी) लावणे. बादलीच्या नळाला तो निरुपयोगी: बादली तेवढीच भरते, वेळ तेवढा जास्त जातो. स्वयंपाकघर आणि बेसिनलाच लावा. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब कमी असतो, तिथे फार कमी प्रवाहाचा घेऊ नका. धार वाकडी झाली की जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा.

‘शिळे’ म्हणून पाणी ओतून देणे. मराठवाड्यात उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी नळ आठवड्याने येतो, आणि आला की जुने पिंप मोरीत रिकामे होते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या भागात तरी हे परवडणारे नाही. झाकलेले, हात न बुडवता ओगराळ्याने काढलेले पाणी नवे येईपर्यंत चांगले राहते. राहिलेले पाणी कपड्यांना किंवा संडासाला वापरा. पिंप मात्र आठवड्याला एकदा आतून ब्रशने घासायलाच हवे. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसते विसळून ती निघत नाहीत, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात.

साबणाचे पाणी साठवून ठेवणे. वॉशिंग मशीनच्या शेवटच्या खळबळणीचे पाणी पुढच्या धुण्याला घ्यायचे असेल, तर ते त्याच दिवशी. चोवीस तासांनंतर त्याला वास सुटतो, मग ते फक्त संडासात ओतण्यापुरते राहते.