आधी दाणा, मग देव: ग्रीक पुराणावर मुलांची कादंबरी लिहायची असेल तर

ग्रीक देवांची यादी समोर ठेवून कादंबरी लिहायला बसू नका. झ्यूसची वीज, पोसायडनचा त्रिशूळ, मेडुसाच्या डोक्यावरचे साप आमच्या सोलापुरातल्या साखर पेठेतल्या पोरांना मोबाइलवरच्या गेममुळे आधीच पाठ आहेत. त्यांना पुढचं पान उलटायला लावतो तो नियम. मेलेल्या बायकोला पाताळातून वर आणताना मागं वळून बघायचं नाही, आणि ऑर्फियस बघतो. पाताळातलं काही खायचं नाही, आणि तिथं पळवून नेलेल्या पर्सेफनीच्या तोंडात डाळिंबाचा दाणा जातो. नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकासाठी असा एकच नियम निवडा. तो सुरुवातीच्या प्रकरणांतच स्वच्छ सांगून टाका, आणि मोडल्याची किंमत शेवटपर्यंत माफ करू नका.

मी पर्सेफनी निवडली ती डाळिंबामुळे. रविवारी सकाळी माझ्याकडे वाचायला येणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या मामाची बाग सांगोल्यात, कुणाच्या काकांची पंढरपूरकडे. डाळिंबावर तेल्या रोग पडला की घरात जेवताना कुणी बोलत नाही, हे त्यांनी पाहिलंय. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर पुणे रस्त्याला केगावात, शहराच्या कडेलाच. तुमच्या गावातल्या मुलांच्या हाताला जे रोज लागतं, ते ग्रीक कथेत कुठं सापडतं ते शोधा. यंत्रमागाच्या घरातली मुलं असतील तर परत न आलेल्या नवऱ्याची, ओडिसियसची, वाट बघणारी पेनेलोपी घ्या. दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं, असं करून तिनं लग्नाला टपलेल्यांना तीन वर्षं झुलवलं. उसवायला किती वेळ लागतो, हे त्या मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

मग आवृत्ती पक्की करा. होमरच्या नावावर असलेल्या प्राचीन स्तोत्रात पाताळाचा राजा हेडीज पर्सेफनीला एकच दाणा गुपचूप भरवतो, आणि तेवढ्यावर वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली काढावा लागतो. रोमन कवी ओव्हिडनं दाणे सात केले आणि मुदत निम्म्या वर्षाची. दोन्हींची खिचडी करू नका. मी एक दाणा घेतला, कारण त्यात अन्याय जास्त आहे. एका दाण्याला चार महिने, यावर मुलं तावातावानं भांडतात, आणि भांडणारा वाचक पुस्तक खाली ठेवत नाही.

आता तुमच्या नायिकेला जागा करा, पण मूळ कथेतल्या कुणाला ढकलून नव्हे. त्या स्तोत्रात पर्सेफनीची आई, धान्याची देवी डिमीटर, हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय लेकीला शोधते. पुढं म्हातारीच्या वेषात एल्युसिस गावच्या विहिरीजवळ बसते आणि तिथं राजाच्या चार मुली पाणी न्यायला येतात. माझी सोलापूरची बारा वर्षांची मुलगी त्या विहिरीवर पाचवी आहे. घागर तिला उचलता येते, ओळख मात्र कुणाशीच नाही. कथेतली अशी मोकळी जागा मिळाली की पुढचे प्रसंग भराभर सुचतात.

ती तिथं पोचते पेवातून. मंगळवेढ्याकडं ज्वारी साठवायला जमिनीत पेव असायचं, वर अरुंद तोंड आणि आत माणूस उभा राहील एवढी पोकळी. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत वायू साचलेला असतो. आधी दिवा सोडून बघायचा. हे पुस्तकात आलंच पाहिजे, कारण मुलं गोष्टीतलं करून बघतात. म्हणून माझ्या गोष्टीतले आजोबा कंदील दोरीनं खाली सोडतात आणि नातीला दहा पावलं मागं उभं करतात. कंदील विझत नाही, फक्त ज्योत खालच्या दिशेनं झुकते. अद्भुताला मला एवढंच लागलं. त्यासाठी मंत्र, अंगठी, भविष्यवाणी काही लागलं नाही.

डिमीटर म्हणजे आपली अन्नपूर्णा, असलं समीकरण मांडू नका. अन्नपूर्णा वाढते. डिमीटर रागानं बी मातीत दाबून धरते, माणसं उपाशी मरू लागतात आणि देवांचे नैवेद्यसुद्धा बंद पडायची वेळ येते. हा राग बोथट केला तर कथा संपली. पर्सेफनीला पळवून नेलं तेही सरळ सांगा: तिला विचारलं नव्हतं, तिच्या आईला विचारलं नव्हतं, आणि बाप झ्यूस याला ते ठाऊक होतं. एवढं एका वाक्यात येतं. लहान मुलांना ते झेपतं. त्यांना झेपत नाही ती मोठ्यांची चाचरत केलेली सारवासारव.

नावं थोडी ठेवा. एका प्रकरणात दोनापेक्षा जास्त नवी नावं आली की शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आणि पेठेतली मराठी बोलणारी, दोन्ही मुलं सारखीच अडखळतात. प्रत्येक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. जिथं मुलं शेंगा सोलायला लागतात तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि तेवढा भाग दुसऱ्याच दिवशी काढून टाका. कितीही मेहनतीनं लिहिलेला असला तरी.

शेवटच्या प्रकरणासाठी भरपूर पानं राखून ठेवा. लेक वर येते, डिमीटर तिला मिठीत घेते आणि मिठी सुटायच्या आतच विचारते, खाली काही खाल्लंस का? स्तोत्रातच आहे हे. पर्सेफनी खरं सांगते. हे उत्तर ऐकताना तुमची नायिका जवळ उभी असली पाहिजे, आणि नियम तिला पहिल्यापासून माहीत असला पाहिजे.