ड्रेस कोडवरून पगार कापला, गेटवरून परत पाठवलं, तर काय करायचं

गोव्यात कळंगुटचं हॉटेल असो नाहीतर वेर्ण्याचा कारखाना, ड्रेस कोडचं भांडण बुटांवरून, दाढीवरून किंवा केसांतल्या अबोलीवरून सुरू होतं आणि पगाराच्या स्लिपवर जाऊन थांबतं. कपडे चांगले दिसतात की वाईट, यावर सुपरवायझरशी वाद घालू नका. तिथे तुम्हीच हरता. नियम लेखी आहे का, खर्च कोणाचा आणि पैसे कशाच्या आधारे कापले, एवढंच विचारा.

आधी नियमामागचं कारण बघा. किचनमध्ये डोकं झाकणं आणि दागिने, खोटी नखं न घालणं हे अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतच आहे. तिथे बांगड्यांसाठी भांडून उपयोग नाही. चालत्या यंत्राजवळ ओढणी नको, हेही तसंच. रिसेप्शनवरच्या गजऱ्याला मात्र असं काही कारण नसतं, ती मॅनेजमेंटची आवड. बोलणी तिथेच करा. घरी सुतक असलं किंवा कसलं व्रत धरलं असलं, तर दाढीची परवानगी पहिल्याच दिवशी मेलवर, तारखांसह मागा. चौथ्या दिवशी सांगितलं की ती सबब वाटते.

आता दंड. जुना 1936 चा वेतन कायदा आणि 2019 ची वेतन संहिता, दोन्हींत नियम सारखाच आहे: एका पगाराच्या मुदतीतला एकूण दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांवर जाता कामा नये. पगार 18,000 असेल तर महिन्याला 540 रुपये. बूट चमकत नाहीत म्हणून 200 प्रमाणे चारदा कापले, तर 800 झाले, म्हणजे 260 जादा. शिवाय कोणत्या चुकीला दंड, ती यादी सरकारी मंजुरीची हवी आणि नोटीस बोर्डावर लावलेली हवी. कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दंड हप्त्यांनी कापता येत नाही, आणि लावल्यापासून 90 दिवस उलटले की कापताच येत नाही.

गेटवरून परत पाठवलं, तर घरी जाण्याआधी हजेरीच्या यंत्रावर पंच करा. पंच करू दिला नाही, तर तिथूनच मेसेज टाका: ‘आज 8:55 ला ड्युटीवर हजर झालो. बूट ओले म्हणून परत पाठवलं.’ हा मेसेज नसला की महिनाअखेरीला तो दिवस गैरहजेरी म्हणून लागतो, आणि मग कोण खरं हे ठरत नाही.

निम्मी भांडणं पावसाळ्यातली असतात. पेडण्याहून किंवा डिचोलीहून दुचाकीवर येणाऱ्याला युनिफॉर्मचे दोनच जोड दिले, तर जुलैमध्ये एक अंगावर आणि दुसरा दोरीवर, तोही अर्धा ओला. त्यातल्या पॉलिस्टरला कुबट वास येतो आणि सुपरवायझर म्हणतो धुतलाच नाही. म्हणून मेच्या अखेरीसच लेखी मागा: तिसरा जोड, कपडे बदलायला जागा आणि लॉकर, जून ते सप्टेंबर पुढून बंद, न घसरणारे काळे रबरी बूट. चामड्याचे बूट भिजलेच तर आत कागद कोंबून पंख्याखाली ठेवा. शेगडीजवळ ठेवलेत तर डिंक सुटून तळवा उघडतो.

तपासणीच्या नावाखाली कोणी अंगाला हात लावला किंवा शरीरावरून बोललं, तर तो ड्रेस कोडचा विषय उरत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे महिलांनी कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी.

एचआरला पत्र चार ओळींचंच लिहा, रागाचा शब्द नको:

‘ऑगस्टच्या पगारातून 800 रुपये दंड कापला आहे. कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या तारखांचा, ते लेखी कळवावे. मर्यादेपेक्षा जादा रक्कम पुढच्या पगारात परत करावी.’

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कंत्राटी असाल तर कंत्राटदार आणि कंपनी, दोघांनाही द्या. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आठवडाभर वाट पाहून एक स्मरणपत्र. तरीही गप्प राहिले, तर पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाताना नेमणूकपत्र, तीन महिन्यांच्या पे-स्लिप, गेटवरचा मेसेज आणि नोटीस बोर्डाचा फोटो न्या. बोर्ड रिकामा असला तरी फोटो काढाच.