जोडीने कॅनडात यायचंय? शहर मागून येणाऱ्यासाठी निवडा

कॅनडात यायचं पक्कं झालं की बहुतेक गे जोडप्यांचा पहिला प्रश्न असतो, "टोरांटो की व्हँकुव्हर? आपल्यासारख्यांना कुठे जास्त सुरक्षित?" मी बरीच वर्षं टोरांटोत माझ्या नवऱ्याबरोबर संसार करतोय आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं. कायद्याच्या बाबतीत शहराशहरांत फरक शोधत बसू नका. समलिंगी विवाह टोरांटोच्या ऑन्टॅरिओ प्रांतात जून २००३ पासून होतात आणि २० जुलै २००५ पासून देशभर. अल्बर्टासारखा जुन्या वळणाचा प्रांतही याला अपवाद राहिला नाही. गे आहे म्हणून १९९१ मध्ये एडमंटनच्या एका कॉलेजातून काढून टाकलेला डेल्विन व्रिंड सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये जिंकला. प्रांताच्या भेदभावविरोधी कायद्यात लैंगिक कलाचा उल्लेख नसला तरी तो आहे असंच धरायचं, असा निकाल लागला.

मग शहर कशावरून निवडायचं? तुमच्यापैकी ज्याच्या हातात अजून नोकरी नाही, त्याच्यावरून.

जवळजवळ प्रत्येक जोडीत एकाला ऑफर किंवा ॲडमिशन मिळते आणि दुसरा मागून येतो. नवऱ्यामागे आलेल्या बायकोलाही इथे सोपं जात नाही, पण तिच्या माहेरचे, सासरचे रोज फोन करतात आणि मंडळातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलावतात. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी मागून येणारा अजून "मित्र" किंवा "रूममेट" असतो. तो जानेवारीत उणे पंधरात दिवसभर घरी बसून अर्ज पाठवतो आणि संध्याकाळी जोडीदाराची वाट बघतो. तो किती एकटा पडलाय हे विचारणारं दुसरं माणूसच नसतं. अशा हिवाळ्यात मी चांगली घट्ट नाती मोडताना पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाचंही कारण शहरातला भेदभाव नव्हता.

म्हणून आधी त्याचं क्षेत्र बघा. बँका, विमा, हिशेब आणि आयटीसाठी टोरांटो. ॲनिमेशन आणि व्हीएफएक्ससाठी व्हँकुव्हर किंवा मॉन्ट्रिऑल, गेमिंग आणि विमान उद्योगासाठी मॉन्ट्रिऑल. तेल आणि वायूशी संबंधित इंजिनिअर असेल तर कॅल्गरी. तो नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट किंवा वकील असेल तर लायसन्स प्रांताकडून मिळतं. एका प्रांतात परीक्षा आणि पैसे घालून दुसरीकडे जायचं तर कागदांचं चक्र पुन्हा सुरू होतं. अशांनी शहराच्या आधी प्रांत ठरवावा.

त्याला काम करता येईल की नाही हे मुळात परवान्यावर ठरतं. जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटचे, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्याचे, नियम बरेच आवळले आहेत. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तो आता मुख्यतः सोळा महिने किंवा त्याहून मोठा मास्टर्स, पीएचडी आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तरच मिळतो. नोकरदाराच्या बाबतीत वरच्या कौशल्याची किंवा टंचाईच्या यादीतली नोकरी लागते, आणि त्याच्या परवान्याचे सोळा महिने शिल्लक असावे लागतात. हे न बघता एक वर्षाच्या डिप्लोमाला पैसे भरू नका.

इथे आपल्याला कागदांची खास अडचण येते. भारतात आपलं लग्न होत नाही. त्याला मान्यता द्यायला नकार देणारा १७ ऑक्टोबर २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे कॅनडासमोर एक तर परदेशात केलेलं कायदेशीर लग्न ठेवायचं किंवा सलग बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा देऊन "कॉमन-लॉ पार्टनर" व्हायचं. आता गंमत बघा, आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा! तो एकाच्याच नावावर असेल तर पुरावा म्हणून लंगडा पडतो, आणि दोघांच्या नावावर असला तरी एक महिना कमीच. तेव्हा पुण्यात, ठाण्यात, जिथे असाल तिथे करार दोघांच्या नावाने नोंदवा आणि नूतनीकरणात खंड पडू देऊ नका. जॉइंट खातं उघडा. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शाखेत कुरकुर झाली तर ते पत्रक दाखवा. लग्न करणार असाल तर दोघंही तिथे प्रत्यक्ष हजर राहा. ऑनलाइन लावलेलं लग्न इमिग्रेशनवाले धरत नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. घरचे कागद बघतील या भीतीने किंवा एजंट म्हणतो म्हणून फॉर्मवर "सिंगल" लिहू नका. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेताना जोडीदार लपवला तर पुढे त्याला कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर करायची वाट जवळजवळ बंद होते.

आता शहरं. टोरांटोत आपल्यासारख्यांचं जग चर्च आणि वेलस्ली रस्त्यांच्या आसपास आहे, मेट्रोच्या वेलस्ली स्टेशनपासून पाच मिनिटांवर. पोलिसांनी ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री गे पुरुष जमायचे त्या बाथहाउसवर धाडी घालून जवळजवळ तीनशे पुरुषांना पकडलं होतं. त्याच्या संतापातून इथली चळवळ उभी राहिली. चर्च रस्त्यावरचं "द ५१९" हे १९७५ पासूनचं केंद्र नव्याने आलेल्यांना आणि आश्रय मागणाऱ्यांना मदत करतं. त्या दारातून आत जायला लाजू नका. दक्षिण आशियाई लोकांसाठी "अलायन्स फॉर साउथ एशियन एड्स प्रिव्हेन्शन" ही संस्था १९८९ पासून काम करते आहे. पण राहायला त्याच भागात घर हवं असा हट्ट धरू नका, भाडं झेपत नाही. मेट्रोच्या मार्गावर कुठेही राहिलात तरी तासाभरात तिथे पोचता येतं.

पहिल्या घरासाठी आपले लोक ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा स्कारबरोकडे वळतात, कारण ओळखीच्या कोणाचं तरी बेसमेंट रिकामं असतं. त्यात वाईट काही नाही, पोळीभाजी आणि भाषा दोन्ही मिळतात. फक्त एक नियम माहीत असू द्या. ऑन्टॅरिओत समलिंगी म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे, पण स्वयंपाकघर किंवा बाथरूम मालकाबरोबर वापरायचं असेल तर ते संरक्षण लागू होत नाही. म्हणून स्वतंत्र स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेलंच घर बघा. मालक शेवटच्या महिन्याच्या भाड्यापलीकडे डिपॉझिट मागू शकत नाही. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची मर्यादा नाही, त्यामुळे चकचकीत नवा कॉन्डो घेताना दुसऱ्या वर्षीच्या भाड्याचाही विचार करा.

व्हँकुव्हर देखणं आहे. तिथल्या गे वस्तीतल्या डेव्ही रस्त्यावरून चालत समुद्रावर जाता येतं, थंडी सौम्य आणि पाऊस मुंबईच्या माणसाला न घाबरवणारा. शेजारच्या सरी शहरात शीख आणि इतर दक्षिण आशियाई समलिंगींसाठी २००८ मध्ये सुरू झालेली "शेर व्हँकुव्हर" ही संस्था आहे. प्रेप हे एचआयव्हीची लागण टाळणारं औषध व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ पासून पात्र लोकांना सरकारी खर्चाने मिळतं. मात्र भाडी देशात सर्वांत चढी, आणि आल्यावर पहिला अर्धवट महिना आणि पुढचे दोन महिने सरकारी आरोग्य विमा लागू होत नाही, तेवढ्यासाठी खासगी विमा काढून या. ऑन्टॅरिओने ही प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली.

मॉन्ट्रिऑल मला मनापासून आवडतं. लैंगिक कलावरून भेदभाव करायला तिथल्या क्विबेक प्रांताने १९७७ मध्येच बंदी घातली, देशातल्या सगळ्या प्रांतांच्या आधी. पण दोघांनाही फ्रेंच शिकायची खरी तयारी नसेल तर तिकडे जाऊ नका. २०२२ च्या भाषेच्या कायद्यानंतर नव्याने आलेल्यांशी सरकारी कारभार सहा महिन्यांनी, काही अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच चालतो. कॅल्गरीत प्रांताचा विक्रीकर नाही, म्हणून संसार लवकर उभा राहतो. विनिपेगला कोणी नाक मुरडलं तर सांगा, तिथल्या लोकांनी १९९८ मध्येच ग्लेन मरे हा उघडपणे गे असलेला माणूस महापौर म्हणून निवडून दिला होता.

शहर कुठलंही घ्या, तिथे तुम्हाला जोडपं म्हणून ओळखणारी चार माणसं लवकरात लवकर जोडा. २०१० ते २०१७ या काळात टोरांटोत एका खुन्याने आठ पुरुषांचा जीव घेतला. त्यातले बरेच दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेतले स्थलांतरित होते, आणि काही जण घरच्यांपासून लपून जगत होते. आपल्या माणसांनी शोधण्यासाठी जोर लावला, तरी कित्येक वर्षं यंत्रणेला धागा जुळवता आला नाही. तुम्ही संध्याकाळी घरी आला नाहीत तर कोणाला फोन करायचा हे जोडीदाराला माहीत हवं, आणि फोन घेणाऱ्याला तो तुमचा कोण हे माहीत हवं.

त्या चार माणसांत मराठी माणसंही असू द्या. गणपतीत "हा माझा रूममेट" अशी ओळख एकदा करून दिली की पुढे ती बदलणं फार अवघड जातं, म्हणून पहिल्याच दिवशी "हा माझा जोडीदार" म्हणा. काहींचा चेहरा पडेल. पण मोदकांचं ताट दोघांपुढे धरणाऱ्या काकू प्रत्येक मंडळात असतात असा माझा अनुभव आहे. पुढच्या आजारपणात खिचडी घेऊन त्याच येतात.

स्थिरावलात की पहिल्या वर्षातच मृत्युपत्र करा. ऑन्टॅरिओत लग्न न केलेल्या जोडीदाराला मृत्युपत्राशिवाय वारसा मिळत नाही. ब्रिटिश कोलंबियात दोन वर्षं एकत्र संसार केलेल्याला मिळतो. भारतात स्वतः कमावलेला फ्लॅट किंवा ठेवी असतील तर त्यांच्यासाठी तिथलं मृत्युपत्र वेगळं करून ठेवा, कारण इथलं लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून तिथे वारस होता येत नाही.