भागीदारीतली पीएच.डी.: पैसा कुठून आणायचा आणि कागदावर कसा बांधायचा

मी प्राध्यापक नाही, संशोधक तर नाहीच. धुळे जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या रिसर्च सेलमध्ये मी हिशेब बघते. पीएच.डी.चं पोर माझ्या टेबलापाशी आलं की विषय मी नंतर विचारते. आधी अहिराणीत एकच प्रश्न: "पैसा कोन दी राहिना?" पोरं हसतात. ज्यांचे दोन गाइड दोन वेगळ्या संस्थांत आहेत, ती जरा कमी हसतात.

हे लिहितेय ते त्यांच्यासाठी. वैद्यकीय संशोधनात एक पाय विद्यापीठात आणि दुसरा एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, दवाखान्यात किंवा औषध कंपनीत, अशी पीएच.डी. आता पुष्कळ पोरं करतात. आपल्या खानदेशात तर याला फारसा पर्यायच नाही. रुग्ण आपल्याकडे आहेत, प्रश्न आपल्याकडे आहेत, आणि महागडी यंत्रं मुंबई-पुण्यात आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे पीएच.डी.चा विद्यार्थी. फक्त त्याच्या जेवणाचा, जीपचा आणि रसायनांचा पैसा एकाच खिशातून येत नाही, हे त्याला बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी कळतं.

आधी भागीदार

मोठं नाव बघून मेल टाकू नका. ज्याला तुमची गरज आहे तो शोधा. मुंबईच्या शास्त्रज्ञाला "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे" अशी पत्रं ढिगानं येतात. तुमच्याकडे असं काय आहे जे त्याच्याकडे नाही, ते पहिल्या चार ओळींत यायला हवं. शहादा तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे आली होती. तिला पावरी बोलता येत होती, तिच्या ओळखीच्या आशाताई होत्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांचं संमतीपत्र हातात होतं. मी तिला म्हटलं, गुणपत्रिका शेवटी जोड, हे तिन्ही वर लिही. पाड्यावर जाऊन सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची प्राथमिक तपासणी, करायची, त्यात पॉझिटिव्ह आलेल्यांचे नमुने एचपीएलसी या यंत्रावरच्या पक्क्या तपासणीसाठी पाठवायचे, म्हणजे कोणतं काम कुठं होणार, एवढं एका पानात बसवलं की समोरच्याला निर्णय घेता येतो. 2023 च्या 1 जुलैला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आणि सात कोटी लोकांची तपासणी असं त्याचं स्वरूप. असा एखादा चालू कार्यक्रम तुमच्या विषयाला लागून असेल तर तोही त्या पानात लिहा.

भागीदार हो म्हणाला की लगेच विद्यापीठाकडे वळा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीप्रमाणे दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो, पण सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनं. तोंडी सहमार्गदर्शकाचं नाव पुढे प्रबंधावर छापता येत नाही. आयसीएमआरच्या संस्थेतच पूर्ण वेळ काम करायचं असेल तर एसीएसआयआर या पदवी देणाऱ्या विज्ञान अकादमीतर्फे तिथूनच पीएच.डी. नोंदवायचाही मार्ग आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात नोंदवायची की तिकडे, हे आधी ठरवा. नोंदणी जिथे, फी तिथे, आणि बहुतेक वेळा फेलोशिपची फाइलही तिथेच.

पोटाचा पैसा आणि कामाचा पैसा

हे दोन वेगळे आहेत. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, बाकीचा त्याचा विस्तार.

पोटाचा पैसा म्हणजे फेलोशिप. सगळ्यात बळकट ती जी विद्यार्थ्याच्या नावावर असते. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी यांच्या नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) 42,000, शिवाय घरभाडं भत्ता. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे. लाइफ सायन्सेसची ही परीक्षा बी.फार्म. आणि एमबीबीएस झालेल्यांनाही देता येते, हे आपल्याकडच्या पुष्कळ पोरांना माहीतच नसतं. स्वतःची फेलोशिप असलेल्या विद्यार्थ्याला भागीदार संस्था पटकन हो म्हणते, कारण तिला फक्त बाक आणि यंत्र द्यायचं असतं.

नेट नाही निघाली तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, दरवर्षी 750 जागांची. नंदुरबारच्या मुलामुलींनी ही आधी बघावी. यातल्या बहुतेकांना पीएच.डी.ची पक्की नोंदणी लागते, म्हणून विद्यापीठाचं पत्र जपून ठेवा. आणि एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. दोन्ही खात्यांत पैसे आले म्हणून खूश झालेल्या माणसाला ते पुढे परत करावे लागतात.

तिसरा प्रकार, गाइडच्या प्रोजेक्टमधला जेआरएफ. पगार तोच दिसतो, पण तो प्रोजेक्टबरोबर संपतो. प्रोजेक्ट तीन वर्षांचा आणि पीएच.डी. नियमानं किमान तीन, कमाल सहा वर्षांची. मधल्या काळाचं काय, ते गाइडला रुजू होतानाच विचारा. राग आला तर येऊ द्या.

कामाचा पैसा म्हणजे रसायनं, किट, प्रवास, नमुन्यांची वाहतूक, प्रकाशन. सीएसआयआरच्या फेलोला वर्षाला 20,000 रुपये कंटिंजन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, मिळते. वैद्यकीय कामाला तेवढ्यात काय होतं? एखाद्या चांगल्या किटचा खोका उघडला की संपले. म्हणून भागीदाराकडून मागायचं ते मुख्यतः कामाच्या पैशाच्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या या सदराखाली, मागा. विद्यार्थ्याला पगार द्या म्हणून गळ घातली की बोलणी अडतात. "एचपीएलसीचा खर्च तुमच्याकडे, फील्डचा आमच्याकडे" म्हटलं की पुढे सरकतात.

कंपनीचा पैसा

औषध कंपन्यांबरोबरच्या पीएच.डी.साठी सर्ब (केंद्र सरकारचं विज्ञान संशोधन मंडळ) आणि सीआयआय (उद्योगांची संघटना) यांनी उभी केलेली पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिप हा बघण्यासारखा नमुना आहे: निम्मी रक्कम सरकारची, निम्मी भागीदार कंपनीची. कंपनी शोधायची जबाबदारी विद्यार्थ्याची आणि गाइडची. सर्बचं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधी चालू सूचना वाचा.

कंपनी स्वतंत्रपणे पैसे देणार असेल तर ते कशातून देते हे विचारा. सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) म्हणाली तर कंपनी कायद्याची सातवी अनुसूची काढून बसा. संशोधनासाठी हा पैसा कुणाला देता येतो त्यात सार्वजनिक निधीवरची विद्यापीठं, आयसीएमआर, सीएसआयआर अशी नावं आहेत. आपलं कॉलेज खासगी असेल तर पैसा भागीदार राष्ट्रीय संस्थेकडे जाईल आणि विद्यार्थ्याचं काम तिथून चालेल, अशी मांडणी करावी लागते. सीएसआर नसेल, काम करून घेण्यासाठीच पैसा असेल, तर जीएसटीचा प्रश्न आलाच. 10 ऑक्टोबर 2024 पासून 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 35 खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठ-कॉलेजांनी अनुदानावर केलेल्या संशोधनसेवेला सूट आहे. आपली संस्था अधिसूचित आहे की नाही, हे सीएला विचारा, गाइडला नको. जीएसटीचे 18 टक्के नंतर कुणाच्या खिशातून जाणार यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

आणि एक कलम डोळ्यात तेल घालून वाचा: प्रकाशनाचं. पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवावा लागतो. कंपनीला निष्कर्ष गुप्त हवे असतात. एका कंपनीच्या करारात "लेखी परवानगीशिवाय काहीही प्रकाशित करू नये" एवढंच होतं, मुदत नव्हती. पोराचं काम तयार, आणि परवानगीचं पत्र कुणाच्या टेबलावर आहे ते कुणी सांगेना. कंपनीला मसुदा वाचायला ठरावीक दिवस, पेटंटचा अर्ज करायचा असेल तर त्यासाठी आणखी ठरावीक दिवस, त्यानंतर विद्यार्थी मोकळा: असं आकड्यांत लिहून घ्या. प्रबंध सादर करण्याचा हक्क कोणत्याही कलमानं अडणार नाही, ही ओळ वेगळी घाला.

परदेशी जोड

ब्रिटनमध्ये या प्रकाराला रुळलेली वाट आहे. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या 'केस' (CASE) नावाच्या पद्धतीच्या विद्यार्थिवृत्तीत विद्यापीठाबाहेरचा भागीदार असतो, विद्यार्थी काही महिने त्याच्याकडे जाऊन काम करतो आणि भागीदार वरचा खर्च उचलतो. या जागा विद्यापीठांमार्फत जाहीर होतात. यूकेआरआय या तिथल्या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या नियमानं 2021 पासून परदेशी विद्यार्थीही घेता येतात, पण एका तुकडीत साधारण 30 टक्क्यांपर्यंतच. 2025-26 साठी किमान वेतन वर्षाला 20,780 पौंड होतं. आकडा मोठा वाटतो. त्यातून तिथलं भाडं वजा करून बघा, आणि व्हिसा व वर्षाला 776 पौंडांचा आरोग्य अधिभार कोण भरणार ते मुलाखतीतच विचारा.

इथेच नोंदणी ठेवून थोडा काळ बाहेर जायचं असेल तर जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची दोन देशांतल्या मार्गदर्शकांसाठीची योजना आणि फ्रान्ससाठी दोन ते सहा महिन्यांची रामन-चारपाक फेलोशिप बघा. मात्र परदेशी संस्थेचा पैसा किंवा भागीदारी आरोग्य संशोधनात आली की आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, कचेरी आयसीएमआरमध्ये. रक्ताचे नमुने बाहेर पाठवायचे असतील तर त्याचाही कागद तिथूनच. याला वेळ लागतो; प्रस्तावाच्या वेळापत्रकात तो धरा.

होळी आणि 31 मार्च

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त बोलते ते. कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत हे सापडणार नाही.

दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला निघतात. होळीला परततात, कारण होळी तिकडे दिवाळीहून मोठी. अनुदानाचा हप्ता मात्र स्वतःच्या चालीनं येतो. थंडीत पैसे आले तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं. माणसं आली की इकडे 31 मार्च, आणि शिल्लक रकमेचा हिशेब द्यायचा. म्हणून प्रस्तावात नमुने गोळा करण्याचे महिने होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आणि पुन्हा पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत असे लिहा. हिवाळ्यात प्रयोगशाळेचं काम ठेवा, म्हणजे किटची खरेदी जानेवारीत होते आणि खर्च त्याच वर्षात पडतो. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरू देण्याची विनंती फेब्रुवारीतच पाठवा. मार्चमध्ये दिल्लीत कुणी फोन उचलत नाही.

प्रवासाच्या हेडची गंमत वेगळीच. धडगावच्या पुढे जी जीप जाते तिचा ड्रायव्हर बिल देत नाही. त्याला बिल मागितलं तर तो तुमच्याकडे दयेनं बघतो. करारात सुरुवातीलाच लिहून घ्या की अमुक रकमेपर्यंतचा स्थानिक प्रवास विद्यार्थ्याच्या सहीच्या व्हाउचरवर मान्य होईल. तसंच तपासणीला आलेल्या माणसाची मजुरी बुडते, तिच्या भरपाईचं. आयसीएमआरच्या 2017 च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा भरपाईला जागा आहे, पण रक्कम एथिक्स कमिटीनं मंजूर केलेली असावी लागते. दोन संस्था म्हणजे बहुधा दोन कमिट्या. दोघींकडे एकच आकडा जाऊ द्या. थंड डब्यातून नमुने नंदुरबारहून मुंबईला नेण्याचा खर्च तर लोक लिहायलाच विसरतात. तो वेगळ्या ओळीत दाखवा, "इतर"मध्ये कोंबू नका.

करार आणि त्यानंतर

सामंजस्य करार म्हणजे फोटो काढायचा कागद. पैशासाठी त्याखाली वेगळा करारनामा करा: कोणत्या हेडला किती, कोणत्या महिन्यात, कुणाच्या खात्यात, यंत्र घेतलं तर ते शेवटी कुणाचं, ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा व्यवस्थापन खर्च, कोण कापणार. दोन्ही संस्थांनी ओव्हरहेड कापलं की विद्यार्थ्याच्या वाट्याला उसाचं चिपाड उरतं. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सरकारी नियमांतला 12-अ नमुना, पैसा ज्याच्या खात्यात आला तीच संस्था देते. भागीदाराकडे रक्कम वळती केली असेल तर त्याच्याकडून खर्चाचा तपशील कधी येणार ती तारीख करारात हवी. तो आला नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि अडलेला हप्ता गाइडच्या घरभाड्यातला नसतो, विद्यार्थ्याच्या असतो.

मुंबईला भागीदाराकडे सहा महिने राहणार असाल तर घरभाडं भत्ता कोणत्या शहराच्या दरानं मिळणार हे जाण्याआधी फेलोशिप देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. मुंबई आणि धुळे यांच्या दरात मोठा फरक आहे. तिथल्या सहमार्गदर्शकाच्या सहीचा हजेरीचा दाखला महिन्याच्या पाच तारखेच्या आत स्कॅन करून पाठवा, मूळ प्रत दिवाळीला घरी याल तेव्हा आणून द्या. आणि मुंबईला जाताना बँक खातं बदलू नका. फेलोशिपच्या पोर्टलवर नवं खातं चढवायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळी पडताळणी.